कायले पाह्यजे? : वऱ्हाडातल्या पात्यांची जाडी

माझ्याकडे एकतीस पाती आहेत. अकरा इळे, नऊ कोयते, चार कुऱ्हाडी, तीन सुऱ्या, दोन पावश्या (पुण्याकडच्यांनी विळ्या म्हणावं), एक वाकस आणि बांबूच्या पट्ट्या काढायची एक लहानशी सुरी. सगळी हातानं घडवलेली आणि सगळी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतली. काही बहिरमच्या यात्रेत घेतली, काही परतवाडा, अकोट, धारणी, मूर्तिजापूरच्या बाजारांत, तर काही थेट भंगारवाल्याच्या तराजूवरून उचलली. घरात या संग्रहाला 'ते लोखंड' म्हणतात.

यातल्या एकाही पात्यावर घडवणाऱ्याचं नाव नाही. जपानी सुरीवर कारागिराची मुद्रा असते, शेफील्डच्या चाकूवर कंपनीचा छाप असतो. वऱ्हाडातल्या लोहारानं नाव घातलं नाही, तारीख तर नाहीच. मग हे पातं कधीचं, कुणासाठी, कशासाठी घडवलं ते कळणार कसं? माझ्यापुरतं उत्तर असं आहे, की पात्याची पाठ बघायची. म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड. तिची जाडी मोजायची.

सध्या हातानं बनवलेले 'आउटडोअर' चाकू जमवणारी बरीच तरुण मंडळी भेटतात. ट्रेकिंग, कॅम्पिंग, रील्स यांतून हा नाद लागतो आणि तो वाईट नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एमएम?" पाच म्हटलं की मान डोलते, सहा म्हटलं की डोळे चमकतात. जाड म्हणजे दणकट आणि दणकट म्हणजे भारी, असा साधा हिशेब. वऱ्हाडातली पाती मात्र दुसराच हिशेब सांगतात. इथे जाडी ही ताकदीची फुशारकी नव्हती. ती एका प्रश्नाचं उत्तर होती. तो प्रश्न लोहार विचारायचा, आणि जिथे लोहार उरला आहे तिथे अजून विचारतो : "कायले पाह्यजे?" कशासाठी हवं?

तीन जागी मोजा

आधी थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. पातं म्हणजे पाचर. ते वस्तूत शिरतं आणि तिला दोन्ही बाजूंना ढकलतं. जाड पात्यानं गाजर कापून बघा. धार अर्ध्यात पोचायच्या आधीच गाजर 'टचकन' फुटतं, कापलं जात नाही. लाकूड फोडायचं असेल तर हाच गुण होतो, आणि म्हणून कुऱ्हाड जाड असते.

दुसरी गोष्ट ताठपणाची. पात्याची जाडी दोनाची चार मिलिमीटर केली तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पातं लवू नये म्हणून फार जाडी लागत नाही. अर्ध्या-एक मिलिमीटरनंसुद्धा पुष्कळ फरक पडतो. त्यापुढची जाडी बहुतेक वेळा हाताला ओझंच होते.

तिसरी गोष्ट लोहाराच्या पाण्याची. पातं लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्याला आपल्याकडे 'पाणी देणं' म्हणतात. जाणता लोहार अनेकदा फक्त धार बुडवतो, पाठ बाहेर ठेवतो. धार काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे उतरते. घासून उजळलेल्या धारेवर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग सरकताना दिसतात. हवा तो रंग धारेवर आला की पातं पुन्हा बुडवायचं. ठिसूळपणा गेलेला असतो, कडकपणा बराचसा राहिलेला असतो. पाठ जाड असेल तर ही धग पुरते. पाठ फार पातळ असेल तर सगळं पातं एकदमच थंड होतं आणि हा खेळ साधत नाही. म्हणजे जाडी ठरवताना लोहार वापरणाऱ्याचं काम बघतो तसं स्वतःच्या आगीचं गणितही बघतो.

म्हणून संग्रह करणाऱ्याला माझा पहिला सल्ला हा, की व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि पाठ एका जागी नव्हे, तीन जागी मोजा. मुठीजवळ, मध्ये आणि टोकाजवळ. माझ्याकडे धारणीच्या बाजारातला एक कोयता आहे. मुठीजवळ साडेसहा, मध्ये पाच, टोकाशी तीन मिलिमीटर. हा उतार घणानं काढलेला आहे. तीनही जागी तोच आकडा आला, तर ते पातं बहुधा तयार पट्टीतून ग्राइंडरनं कापलेलं असतं. तसं करण्यात पाप काही नाही, पण ती गोष्ट वेगळी.

लोखंड महाग होतं तेव्हा

विदर्भाला लोखंडाची ओळख फार जुनी. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या शिळावर्तुळांत आणि टाकळघाट-खापा इथे लोखंडी हत्यारं सापडली. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. ही वस्ती इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या आसपासची. या काळातल्या विदर्भातल्या कुऱ्हाडींची एक खूण आहे. कुऱ्हाडीचं पातं सपाट, त्याला दांडा बसवायला भोक नाही. फुलीसारख्या आडव्यातिडव्या लोखंडी कड्यांनी ते दांड्याला आवळलेलं असे. आमच्या अमरावती जिल्ह्यातही, चांदूर बाजार तालुक्यात पूर्णा नदीच्या वळणावरच्या फुपगावला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं २०१८-१९ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा लोहयुगातली वस्ती उजेडात आली. म्हणजे ज्या पट्ट्यात आज संत्र्याच्या बागा आहेत, तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीही लोखंड वापरणारी माणसं राहत होती.

तेव्हापासून पुढची कितीतरी शतकं लोखंड लहान भट्टीत, कोळशावर, थोडं थोडं तयार व्हायचं. त्यातही कडक धार धरणारं पोलाद दुर्मीळ. जुन्या मराठीत त्याला 'तिखं' म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. चव नसलेल्या लोखंडात तिखट काय ते पोलाद.

वऱ्हाडाचा या तिख्याशी जवळचा संबंध होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड मोगलांचा सुभा झाला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याच्या वर्णनात इंदूर आणि निर्मळ इथल्या पोलादाच्या खाणींचा उल्लेख आहे. हे इंदूर म्हणजे मध्य प्रदेशातलं नव्हे, आजचं तेलंगणातलं निजामाबाद. निर्मळही आज तेलंगणातच आहे. त्या भागातल्या कोनसमुद्रम गावी मातीच्या मुशीत पोलाद बनायचं आणि ते घ्यायला इराणी व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूवैज्ञानिकानं लिहिलेलं त्या कृतीचं वर्णन १८३२ साली छापून आलं. जगात ज्याला 'वुट्झ' म्हणतात आणि ज्यापासून दमास्कस नावानं गाजलेल्या तलवारी घडत, त्याच जातीचं हे पोलाद.

पण तलवारींचं पोलाद शेतकऱ्याच्या इळ्याला परवडणारं नव्हतं. मग जगभरच्या लोहारांनी केलं तेच इथल्यांनीही केलं. पातं साध्या मऊ लोखंडाचं घडवायचं आणि धारेपुरती तिख्याची पट्टी तापवून, ठोकून त्यात एकजीव करायची. माझ्याकडच्या तीन जुन्या पात्यांवर हा जोड दिसतो. पातं पॉलिश पेपरनं घासून त्यावर लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवलं की पोलाद आणि लोखंड वेगवेगळे काळवंडतात आणि मधली नागमोडी रेघ उमटते. अशा पात्याची पाठ जाड असते, कारण मऊ लोखंडाला ताठ राहायला जास्त अंग लागतं. जाड पाठ दिसली की आपण म्हणतो, 'काय दणकट!' खरं तर तो लोखंडाच्या मऊपणाचा पुरावा असतो.

आगगाडी आणि कुलूपबंद जंगल

१८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस थांबला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे मोर्चा वळवला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, बडनेरा करत आगगाडी नागपूरला पोचली. कापसाचे गठ्ठे तिकडे गेले, आणि विलायती लोखंड रुळांवरून आत आलं. कारखान्यातलं, एकसारखं, स्वस्त. देशभर गावठी भट्ट्या त्या शतकात विझत गेल्या. लोहार उरला, पण लोखंड गाळणारा उरला नाही.

गंमत अशी, की ज्या कापसानं वऱ्हाडाचं नाव झालं त्याला पातं लागतच नाही. बोंड हातानं वेचतात, पऱ्हाटी चिमट्यानं उपटतात. पातं लागायचं ज्वारीला. दिवसभर वाकून हजारो वेळा मनगट फिरवायचं, तर इळा हलकाच हवा. माझ्याकडचे ज्वारीचे जुने इळे पाठीला अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर आहेत. ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, तेव्हा इळ्याचं कामही बदललं. सोयाबीनचं वाळलेलं खोड टणक, आणि कापायचं अगदी जमिनीलगत. मातीत, खड्यांत धार जाते. आता बाजारात दिसतात ते पत्र्यातून कापलेले, करवतीसारखे दाते असलेले पातळ विळे. दोन हंगाम वापरा आणि टाकून द्या. पीक बदललं की जाडी बदलते, हे मला पुस्तकानं नाही, इळ्यांनी शिकवलं.

डोंगरावर मात्र वेगळं घडत होतं. मेळघाटातले कोरकू आणि गोंड पूर्वी दह्याची शेती करायचे. जंगलाचा एक तुकडा कुऱ्हाडीनं तोडायचा, वाळल्यावर जाळायचा, राखेत बी टाकायचं, जमीन थकली की पुढे सरकायचं. जेम्स फॉरसिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८७१ च्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या पुस्तकात सातपुड्यातल्या या शेतीचं वर्णन आहे. त्याच सुमाराला जंगलं सरकारी राखीव झाली. त्याआधी कुऱ्हाड म्हणजे डोंगरातला नांगर होता. त्यानंतर ती गुन्ह्याचा मुद्देमाल होऊ शकली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात आजही तरतूद आहे, की वनगुन्ह्याचा संशय असेल तर लाकडाबरोबर तो करायला वापरलेली अवजारं, गाड्या, बैलसुद्धा जप्त करता येतात.

ट्रकचा पाटा

रेल्वेनंतर पात्यांचा इतिहास बदलला तो ट्रकनं. १९५४ पासून टाटांचे ट्रक जमशेदपूरहून बाहेर पडू लागले. आमच्या भागातून जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. ट्रकच्या खाली कमानपाटे असतात. ते तुटतात, भंगारात जातात आणि तिथून लोहाराच्या भात्यावर येतात. हे खास स्प्रिंगचं पोलाद, त्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन. म्हणजे जे तिखं धारेपुरतं चिकटवावं लागायचं, ते आता अख्ख्या पात्याला, तेही किलोच्या भावानं मिळू लागलं. लोहाराच्या दृष्टीनं ही क्रांतीच होती, आणि ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पण पाटा स्वतःची जाडी घेऊन येतो. जीप-पिकअपचा साधारण सहा ते आठ मिलिमीटर, ट्रकचा दहाच्या वर. त्यातून तीन मिलिमीटरचं पातं काढायचं म्हणजे कोळसा, वेळ आणि खांदे. घिसाड्यांच्या पालावर हे काम बघावं. घिसाडी ही भटकी जमात, महाराष्ट्रात तिची नोंद भटक्या जमातींत आहे. गावाबाहेर पाल पडतं, जमिनीत भट्टी, शेजारी ऐरण. पुरुष सांडशीत लाल पाटा धरतो आणि समोर उभी राहून घण घालते ती बाई. पात्याचा एकेक मिलिमीटर तिच्या दंडांनी पातळ झालेला असतो.

अचलपूर भागात अशाच एका पालावर मी सहा मिलिमीटरचा चाकू करून मागितला होता. काकांनी पाटा भट्टीत घालायच्या आधी विचारलं, "कायले पाह्यजे?" मी म्हटलं, "जंगलात, फिरायला." ते म्हणाले, "मंग एवढं जाड कायले? लाकडं फोडाचे असन त कुऱ्हाड घ्या न भाऊ. हे नुसतं वझं व्हते." घण घालणाऱ्या काकू हसल्या. जाड पातं म्हणजे त्यांचं काम कमी, पैसे तेवढेच. तरी त्यांनी साडेतीन मिलिमीटरचंच घडवलं. पाठीला साडेतीन, टोकाला दोन. माझ्या संग्रहात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पातं तेच आहे.

तेव्हा जाडी निवडायची तर माझा हिशेब असा. भाजी-फळं कापायची तर दीड ते दोन मिलिमीटर. कॅम्पवर काड्या तासणं, दोर कापणं, स्वयंपाक हे सगळं एका चाकूत हवं तर अडीच ते साडेतीन. झुडपं सपासप तोडायला लांब पातं, पण पाठ तीनच्या आसपास, कारण तिथे वेग काम करतो. बांबू चिरायचा तर चार-पाचची पाठ, म्हणजे चीर पुढे पळते. पण त्याच बांबूच्या पट्ट्या सोलायच्या तर पातळ सुरीच हवी. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्यासारखं बांबूचं काम कुठेही बघाल तर एका कारागिराशेजारी एकाहून जास्त पाती दिसतील. सहा मिलिमीटरच्या वर गेलात, तर कुऱ्हाडीच्या हद्दीत आलात.

हत्यार म्हणजे काय

मराठीत 'हत्यार' हा शब्द मजेशीर आहे. सुताराची हत्यारं असतात, आणि दरोडेखोराच्या हातातही हत्यार असतं. खंडेनवमीला तलवारीची पूजा होते तशी इळ्याची, वाकसाची, पान्याचीही होते. भाषेनं भेद केला नाही.

कायद्याला तो करावा लागला. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. लांबी आहे, रुंदी आहे. जाडीचा शब्द नाही. आकड्यांकडे बघितलं तर माझ्याकडचे बहुतेक कोयते शस्त्रं ठरतील. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे : घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. म्हणजे पट्टीनं मोजून झाल्यावर कायद्यालाही शेवटी तेच विचारावं लागलं, की बाबा, हे कायले पाह्यजे?

अभयारण्यात मात्र हा अपवाद चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरीचाही समावेश आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, नरनाळा किल्लाही अभयारण्यातच येतो. तेव्हा नवा चाकू तिथे नेऊन रील करायचा बेत असेल तर तो घरीच ठेवा. आपल्याला हौस सोडावी लागते, एवढंच. जंगलालगतच्या गावातल्या माणसाच्या हातातलं पातं त्याच्या चुलीशी, कुडाशी, कुंपणाशी बांधलेलं असतं. त्याच्यासाठी हद्दीच्या अलीकडे ते अवजार आणि पलीकडे हत्यार. वाघ राहायला हवा, यात मला शंका नाही. पण त्या रेघेचं वजन दोघांवर सारखं पडत नाही, हेही पाती जमवणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

जुन्या हातघडणीच्या पात्यांना आता भाव येऊ लागला आहे. पालांची संख्या मात्र वाढताना दिसत नाही. घिसाड्यांची मुलं वेल्डिंगच्या दुकानात जातात, आणि उन्हात घण घालण्यापेक्षा ते बरंच आहे. त्यांनी माझ्या हौसेसाठी पालावर राहावं असं मी म्हणणार नाही. पातीही कुठे जात नाहीत. तेल लावून ठेवली तर माझ्या मागेही शंभर वर्षं राहतील. जाईल तो प्रश्न. ऑनलाइन ऑर्डर देताना तीन, चार, पाच, सहा असे पर्याय असतात. एकाला टिकमार्क करायचा. तिथे तुम्हाला कुणी विचारत नाही.

म्हणून अलीकडे मी पातं घेतलं की त्याला एक चिठ्ठी बांधतो. तीन जागची जाडी, कुठल्या बाजारातलं, आणि विकणाऱ्याला किंवा वापरणाऱ्याला विचारून, ते कशासाठी होतं. 'ज्वारी, पिंजर.' 'संत्र्याची सल काढायला, चांदूर बाजार.' 'कुडाचा बांबू, धारणी.' एकतीसपैकी एकोणीस पात्यांना अशी चिठ्ठी आहे. उरलेल्या बारांची जाडी मला दशांश चिन्हानंतरच्या आकड्यापर्यंत माहीत आहे, पण ती सांगणारं माणूस मिळालेलं नाही. तुमच्या घरी माळ्यावर आजोबांचा इळा किंवा आजीची पावशी असेल, तर ती विकायच्या किंवा इन्स्टावर टाकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.